नवा लॅपटॉप: निभावता येणारे दोष आणि कायमचे दोष

लॅपटॉप घेताना विद्यार्थ्याला सर्वप्रथम प्रोसेसरचे नाव आणि त्याची पिढी सांगितली जाते. जाहिरातीतही तेच सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असते. माझ्या नव्या लॅपटॉपवर एक पूर्ण सत्र काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मध्यम दर्जाच्या आजच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ही सर्वांत कमी काळजीची बाब आहे. विद्यार्थ्याच्या रोजच्या कामावर खरा परिणाम होतो तो रॅम (काम चालू असताना माहिती धरून ठेवणारी तात्पुरती जागा), पडदा, कळफलक आणि दुरुस्तीची सोय यांचा. म्हणूनच या परीक्षणात प्रत्येक उणिवेकडे मी एकाच प्रश्नाच्या आधारे पाहिले आहे: ही उणीव पुढे खर्च करून किंवा कामाची पद्धत बदलून भरून काढता येते, की यंत्र निकालात निघेपर्यंत ती सहन करावीच लागते? पहिल्या प्रकारचे दहा दोष मी आनंदाने पत्करीन, परंतु दुसऱ्या प्रकारचा एक दोषही घेण्याआधी नीट तपासला पाहिजे.

मी भूगोलाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. माझ्या कामात उपग्रह प्रतिमांवरील प्रक्रिया, क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नकाशे तयार करणे आणि मराठीत लघुप्रबंध लिहिणे असे तीन प्रमुख भाग आहेत. त्यामुळे ज्या विद्यार्थ्याला केवळ टिपणे काढायची आणि व्याख्याने पाहायची आहेत, त्याला माझ्या काही तक्रारी अवाजवी वाटतील. मात्र अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, वास्तुरचना किंवा दृश्यकला शिकणाऱ्यांना त्या ओळखीच्या वाटाव्यात. लॅपटॉप १४ इंची पडद्याचा, सुमारे १.४ किलो वजनाचा, १५ वॅट वर्गातील प्रोसेसरचा, १६ जीबी रॅमचा आणि ५१२ जीबी एसएसडीचा (फाइली कायम साठवण्याची जागा) आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. याच घडणीचे लॅपटॉप जवळपास प्रत्येक कंपनी विकते आणि त्यांचे गुणदोषही बरेचसे सारखे असतात, म्हणून कंपनीच्या नावाऐवजी घडणीबद्दल बोलणे अधिक उपयोगाचे ठरेल.

रॅमपासून सुरुवात करते, कारण घेतानाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय तिथेच होता. हे मॉडेल ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते आणि दोन्हींत रॅम मदरबोर्डवर (मुख्य सर्किट-फलकावर) कायमची डाखलेली असते. कमी वीज वापरणारी आणि वेगवान अशी एलपीडीडीआर५ जातीची रॅम जवळपास नेहमी अशीच बसवलेली असते. त्यामुळे यंत्र पातळ राहते आणि बॅटरी अधिक पुरते, हे खरे आहे. पण त्याची किंमत अशी की ८ जीबी घेतली तर ती कायम ८ जीबीच राहते. विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ४ जीबी रॅमची आहे आणि विक्रेते त्या आकड्याकडे बोट दाखवून ८ जीबी म्हणजे दुप्पट असे समजावतात. प्रत्यक्षात विंडोज, ब्राउझरमधील काही पाने आणि एक पीडीएफ उघडली की ८ जीबीचा मोठा भाग तिथेच संपतो. शिवाय स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे चित्रांकनासाठी लागणारी जागाही याच रॅममधून घेतली जाते.

माझ्या कामातले एक उदाहरण दिले तर हे नेमके कळेल. सेंटिनेल-२ या उपग्रहांची प्रतिमा सुमारे ११० किलोमीटर बाजू असलेल्या चौरसांत मिळते. १० मीटर विभेदनाच्या (एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) एका बँडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एकाच पट्ट्यातील प्रतिमेत, उभे-आडवे प्रत्येकी १०,९८० पिक्सेल, म्हणजे एकूण सुमारे १२ कोटी पिक्सेल असतात. एका पिक्सेलला दोन बाइट धरले तर एकच बँड संकुचित रूपातून मोकळा केल्यावर २४१ एमबी जागा घेतो. वनस्पतींचे आच्छादन मोजणारा एनडीव्हीआय निर्देशांक काढायचा, तर लाल आणि निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) असे दोन बँड घेऊन त्यांची वजाबाकी, बेरीज आणि भागाकार करावा लागतो. हे गणित पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत नेहमीच्या दशांश स्वरूपात केले की प्रत्येक पिक्सेलला आठ बाइट लागतात आणि दोन बँडसाठी प्रत्येकी जवळपास एक जीबी, मधल्या पायऱ्यांसाठी तितकीच, निकालासाठी आणखी एक अशी बेरीज पाहता पाहता चार-पाच जीबीपर्यंत पोहोचते. १६ जीबी रॅमवर हे काम ब्राउझर बंद न करता होते. माझ्या वर्गातील ८ जीबीवाल्या यंत्रांवर तेच काम सुरू केले की रॅम भरते, यंत्र एसएसडीचा तात्पुरता आधार घेऊ लागते आणि माऊसचा बाणसुद्धा अडखळत सरकतो. प्रतिमेचे तुकडे करून काम भागवता येते आणि ते शिकूनही घ्यावे, परंतु ज्या विद्यार्थ्याला असे काम करायचे आहे त्याने ८ जीबीचे रूप घेऊ नये असे मी स्पष्ट सांगेन. १६ जीबीलाही पुढे मर्यादा येणारच आहे, आणि ती वाढवता येणार नाही, हा या लॅपटॉपचा पहिला कायमचा दोष.

एसएसडीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ती एम.२ प्रकारच्या साध्या खाचेत एका स्क्रूने बसवलेली असून कधीही काढून मोठी बसवता येते. ५१२ जीबी लिहिलेले असताना विंडोजमध्ये ४७६ जीबीच का दिसते, असे अनेक जण विचारतात. त्यात फसवणूक नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक आहे. उपग्रह प्रतिमा साठवू लागल्यावर ही जागा लवकर भरते, परंतु जुन्या प्रतिमा बाह्य डिस्कवर हलवता येतात. वेगाबाबत एकच निरीक्षण: छोट्या फाइली क्षणात उघडतात, मात्र खूप मोठी फाइल सलग लिहिताना सुरुवातीचा वेग काही वेळाने बराच घसरतो. स्वस्त एसएसडीमध्ये वेगवान तात्पुरत्या साठ्याची जागा भरली की असे होते. दैनंदिन कामात ते जाणवत नाही. म्हणूनच हाताशी ठरावीकच रक्कम असेल तर ती मोठ्या एसएसडीवर घालवण्याऐवजी अधिक रॅमवर खर्च करावी. एसएसडी नंतर घेता येते, रॅम येत नाही.

पडद्याविषयी माझे मत दुभंगलेले आहे आणि ते थोडे विस्ताराने मांडते. आकार आणि प्रमाण यांबाबत हा पडदा उत्तम आहे. तो १६:१० प्रमाणाचा, १९२० × १२०० पिक्सेलचा आहे. नेहमीच्या १०८० ओळींच्या पडद्यापेक्षा उंचीत १२० ओळी अधिक मिळतात आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला उंचीच अधिक कामाची असते. लघुप्रबंधाचे पान उघडल्यावर वरची साधनपट्टी आणि खालची कार्यपट्टी वगळूनही परिच्छेदामागून परिच्छेद नजरेसमोर राहतो. १४ इंचात इतके पिक्सेल म्हणजे एका इंचात सुमारे १६२ पिक्सेल पडतात, १५.६ इंची साध्या पडद्यावर हाच आकडा १४१ च्या आसपास असतो. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जास्त जाणवतो, कारण आपल्या अक्षरांचा बराच अर्थ शिरोरेघेच्या वर आणि खाली असलेल्या लहान खुणांत सामावलेला असतो. रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले किंवा खाली उकार लागलेले जोडाक्षर आले, की कमी घनतेच्या पडद्यावर त्यांचा डाग होतो. इथे ते बारीक अक्षरांतही सुटे दिसतात. मुद्रितशोधनासाठी हा मोठाच आधार आहे.

रंगांबाबत मात्र हा पडदा निराशा करतो. माहितीपत्रकात एका कोपऱ्यात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. ही संख्या पाहून काही बोध होत नाही. तिचा व्यवहारातील अर्थ असा की संगणकावरील चित्रांसाठी जो एसआरजीबी हा सर्वसाधारण रंगसंच वापरला जातो, त्यातील सुमारे साठ-बासष्ट टक्के रंगच हा पडदा दाखवू शकतो. उरलेले रंग तो जवळच्या फिक्या रंगात ढकलतो. लाल रंगाचे सर्वाधिक नुकसान होते आणि तो विटकरी-नारिंगी दिसतो. भूगोलाच्या विद्यार्थ्यासाठी हे किरकोळ नाही. उपग्रह प्रतिमेच्या प्रमाणित मिथ्यावर्णी संयोजनात निकट-अवरक्त बँड लाल रंगात दाखवला जातो, म्हणजे सगळी वनस्पती लाल छटांत दिसते, आणि घनदाट जंगल, विरळ झुडपे व उभे पीक यांतील भेद त्या लाल छटांवरूनच ओळखायचा असतो. या पडद्यावर त्यांतील दोन-तीन छटा एकमेकींत मिसळतात. तीच प्रतिमा प्रयोगशाळेतील चांगल्या मॉनिटरवर पाहिली की जिथे मला एकच सपाट ठिपका दिसत होता तिथे शेतांच्या कडा उमटतात.

रंगजुळणी करून हे सुधारेल असे काही जण सुचवतात. जुळणीमुळे चुकलेला रंग जागेवर येतो, पण जो रंग पडदा दाखवूच शकत नाही तो जुळणीने निर्माण होत नाही. पॅनेल काढून अधिक चांगले बसवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असले तरी त्यासाठी पडद्याची चौकट उचकटावी लागते आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो, म्हणून मी हा दोष कायमच्या बाजूलाच धरते. त्यातल्या त्यात मार्ग असा की नकाशात रंगांचे वर्ग कमी ठेवायचे. क्यूजीआयएसमध्ये अंतर्भूत असलेल्या कलरब्रूअर रंगमालिका वापरून नऊऐवजी पाच वर्ग केले, तर प्रत्येक छटा या पडद्यावरही वेगळी दिसते. असा नकाशा प्रोजेक्टरवर आणि छापील पानावरही अधिक सुवाच्य राहतो, हा त्यातील फायदा आहे. प्रतिमेचे अर्थबोधन करताना मात्र हा उपाय चालत नाही आणि प्रयोगशाळेत जावे लागते. पडद्याचा प्रकाश ३०० निट्स (तेजस्वितेचे एकक) आहे. खोलीत आणि ग्रंथालयात तेवढा पुरतो, खिडकीला पाठ करून बसल्यास किंवा उघड्यावर क्षेत्रकार्य करताना तो अपुरा पडतो. पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत नाही, ही निवड योग्य आहे.

कळफलकावर मी सर्वाधिक वेळ घालवते. कळा घट्ट बसवलेल्या आहेत, दाबल्यावर नेमका ठेका मिळतो आणि मध्यभागी बोट जोरात टेकले तरी पाया लवत नाही. मागून येणारा प्रकाश दोन पातळ्यांचा आहे. कळांवर देवनागरी अक्षरे नाहीत, पण इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळरचना शिकलेल्याला त्यांची गरजही पडत नाही. इथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या परीक्षणांत सहसा येत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताखाली तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली असतात. प्रत्येक जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडावा लागतो आणि ती कळ इंग्रजी डीच्या जागी असते. मराठीत जोडाक्षरे इतकी येतात की डाव्या हाताच्या मधल्या बोटाला दिवसभर तीच कळ दाबावी लागते. ती हलकी आणि खात्रीची असणे फार महत्त्वाचे, आणि या लॅपटॉपवर ती तशी आहे. दऱ्या, किनाऱ्यालगत, वाऱ्यांची असे शब्द भूगोलात पानोपानी येतात. त्यांतील ऱ हे अक्षर इंग्रजी जेच्या कळेवर शिफ्टसह येते आणि डाव्या शिफ्टची कळ रुंद असल्यामुळे तेही सहज जमते.

अडचण येते ती उजव्या शिफ्टची. वरच्या दिशेच्या बाणाला पूर्ण आकाराची जागा देण्यासाठी उजव्या शिफ्टची कळ जवळपास निम्मी केली आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला याचा फारसा त्रास होणार नाही, कारण अनेक जण डाव्या शिफ्टवरच भागवतात. पण इन्स्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई, उ, ए, ओ हे सगळे सुटे स्वर डाव्या हाताच्या कळांवर शिफ्टसह येतात, आणि पद्धतशीर टंकन करणारा त्यासाठी उजवी शिफ्ट वापरतो. ‘आणि’, ‘आहे’, ‘असे’, ‘एक’, ‘इतका’ असे अतिशय नेहमीचे शब्द लिहिताना करंगळी शिफ्टऐवजी बाणावर पडते, कर्सर वरच्या ओळीत जातो आणि शब्द भलत्याच जागी उमटतो. इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलक वापरणाऱ्यांना हा त्रास बराच कमी होईल. मी यावर उपाय म्हणून कळांची कामे बदलणाऱ्या पॉवरटॉईज या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने वरच्या बाणालाही शिफ्टचे काम दिले आहे; आता कर्सर वर नेण्यासाठी टचपॅड किंवा माऊस वापरावा लागतो, पण लेखन अडत नाही. म्हणजे हा दोष निभावता येणारा आहे. तरीही ज्यांना मोठ्या प्रमाणावर मराठी टंकन करायचे आहे त्यांनी कोणताही लॅपटॉप घेण्याआधी उजव्या शिफ्टकडे पाहावे, आणि शक्य असेल तर दुकानातच एक परिच्छेद लिहून पाहावा. यंत्र चालू-बंद करण्याची कळ कळफलकाच्या ओळीतच, डिलीटच्या शेजारी आहे. मात्र ती इतर कळांपेक्षा घट्ट असल्यामुळे चुकून दाबली जात नाही.

प्रोसेसरविषयी थोडक्यात. १५ वॅट ही त्याची पायाभूत शक्ती असली तरी काम सुरू होताच तो काही काळ त्याहून कितीतरी अधिक वीज खेचतो आणि झपाट्याने पुढे जातो. नंतर उष्णता वाढली की नेमून दिलेल्या मर्यादेत येऊन स्थिरावतो. फाइल उघडणे, नकाशा पुन्हा रेखाटणे, पाने चाळणे ही सगळी थोड्या वेळाची कामे असल्यामुळे ती उत्तम होतात. प्रतिमांचे वर्गीकरण अर्धा तास चालले तर पहिल्या काही मिनिटांतील वेग टिकत नाही. पातळ यंत्रात एकच पंखा असल्यावर दुसरे काही अपेक्षित नाही, आणि असे काम चालू असताना चहा-पाण्याला किंवा वाचनाला वेळ मिळतो. ग्रंथालयात मात्र पंख्याचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जातो. विंडोजमधील वीजवापराची पद्धत मंद ठेवली की आवाज बराच कमी होतो आणि लेखन-वाचनात काही फरक पडत नाही. हवा तळातून आत जात असल्यामुळे लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, ही सूचना केवळ पुस्तिकेपुरती मानू नये. जाळी झाकली गेली की वेग लगेच घसरतो.

बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. या आकड्यावरून साधे गणित करता येते आणि जाहिरातीतील तासांपेक्षा त्यावर अधिक विश्वास ठेवावा. वाचन आणि लेखन करताना मध्यम प्रकाशात हे यंत्र सुमारे ७ वॅट वापरते, म्हणजे सात तास मिळतात. प्रतिमांवर प्रक्रिया करताना वापर २५ ते ३० वॅटवर जातो आणि मग दोन तासही निघत नाहीत. जाहिरातीतील मोठा आकडा बहुधा मंद प्रकाशात साठवलेला व्हिडिओ सलग चालवून काढलेला असतो. तो खोटा नसतो, पण विद्यार्थ्याचा दिवस तसा नसतो. व्याख्यानांचा दिवस या बॅटरीवर निघतो, प्रात्यक्षिकांचा दिवस निघत नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे आणि ती मी चालू ठेवली आहे, कारण लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की तिची क्षमता लवकर घटते. प्रवासाच्या आदल्या रात्री ती सोय बंद करून बॅटरी पूर्ण भरता येते.

चार्जर ६५ वॅटचा आणि यूएसबी-सी प्रकारचा आहे, हा या लॅपटॉपचा एक मोठा गुण. तोच फोनलाही चालतो आणि हरवला तर त्याच दर्जाचा दुसरा कोणताही चांगला चार्जर वापरता येतो. मात्र लॅपटॉपवरील दोन यूएसबी-सी खाचा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची कामे वेगळी आहेत: मागची खाच चार्जिंग, बाह्य मॉनिटर आणि माहितीची देवाणघेवाण असे सगळे करते, पुढची केवळ माहितीसाठी आहे. खाचेशेजारी असलेल्या बारीक खुणांवरूनच हे कळते. चार्जर लावला की बाह्य मॉनिटरसाठी एचडीएमआयच उरते, आणि ती १.४ आवृत्तीची असल्यामुळे ४के मॉनिटरवर सेकंदाला ३० चौकटींच्या पुढे जात नाही. माऊसचा बाण मग ओढल्यासारखा वाटतो. चार्जिंग पुढे नेणारे यूएसबी-सी हब (एका खाचेच्या अनेक खाचा करणारे साधन) घेतले की हा प्रश्न मिटतो. तो वेगळा खर्च आहे, पण दोष कायमचा नाही.

इतर गोष्टी झटपट सांगते. कॅमेरा ७२०पी, म्हणजे जेमतेम ९ लाख पिक्सेलचा आहे. ऑनलाइन तोंडी परीक्षेत चेहरा ओळखू येतो, हातातील छापील नकाशा दाखवला तर त्यावरील नावे वाचता येत नाहीत. कॅमेऱ्यासमोर सरकणारे झाकण आहे. ध्वनिग्राहक चांगला, ध्वनिक्षेपक तळाला आणि क्षीण. बिजागरी घट्ट असून एका हाताने झाकण उघडताना पाया उचलला जात नाही. टचपॅड मोठा आणि अचूक आहे.

सॉफ्टवेअरमध्ये चाचणी मुदतीचा एक अँटीव्हायरस आधीच घातलेला होता. तो काढला आणि विंडोजमधील अंगभूत सुरक्षेवर काम उत्तम चालले आहे. अधिक महत्त्वाची बाब वेगळीच आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्कवरील मजकूर कूटबद्ध करणारी सोय बहुधा आपोआप सुरू होते. लॅपटॉप चोरीला गेला तर आपले काम सुरक्षित राहते, म्हणून ती सोय चांगली आहे. परंतु मदरबोर्ड बदलला गेला किंवा बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत झाले, की यंत्र ४८ अंकांची पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकते. ती त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. अनेक विद्यार्थ्यांना खाते कोणत्या ईमेलने उघडले हेच आठवत नाही, आणि मग लघुप्रबंध डिस्कवर असूनही हाती येत नाही. नवा लॅपटॉप हाती आल्यावर ही किल्ली कागदावर उतरवून ठेवावी आणि कामाची प्रत बाह्य डिस्कवर नियमाने काढावी.

दुरुस्तीच्या बाबतीत यंत्राची बांधणी मला सम्यक वाटली, एक अपवाद वगळता. तळाचे झाकण साध्या फिलिप्स स्क्रूंनी बसवलेले आहे; ते उघडले की एसएसडी, वाय-फाय कार्ड, पंखा आणि बॅटरी ही चारही समोर दिसतात आणि स्वतंत्रपणे बदलता येतात. बॅटरी गोंदाने चिकटवलेली नसून स्क्रूंनी धरलेली आहे, याचे मला विशेष समाधान वाटते, कारण विद्यार्थ्याच्या हातात लॅपटॉप चार-पाच वर्षे राहतो आणि त्या काळात बॅटरी एकदा तरी बदलावी लागण्याची शक्यता मोठी असते. अपवाद कळफलकाचा. तो वरच्या आवरणाला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी पक्का केलेला आहे, त्यामुळे एक कळ बिघडली तरी सेवा केंद्र संपूर्ण वरचे आवरण बदलते आणि तेवढा खर्च सांगते. कळफलकावर पातळ पारदर्शक आवरण घालावे की नाही यावर मतभेद आहेत. मी घातलेले नाही, कारण त्याने कळांचा ठेका जातो आणि झाकण पूर्ण मिटताना पडद्यावर दाब येतो. पाण्याची बाटली मात्र लॅपटॉपच्या टेबलावर ठेवत नाही.

वॉरंटी एका वर्षाची असून ती उत्पादनातील दोषांपुरती आहे. पडणे, दाब येणे आणि द्रव सांडणे तिच्यात येत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि ते बहुधा खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच मिळते, म्हणून निर्णय लांबणीवर टाकू नये. वाढीव वॉरंटी घेतली तरी बॅटरीची मुदत अनेकदा पहिल्या वर्षापुरतीच राहते, आणि ही अट बारीक अक्षरांत असते. विंडोजच्या कमांड खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ हा आदेश बॅटरी अहवालाच्या पर्यायासह (powercfg /batteryreport) दिला की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भरलेली क्षमता शेजारी-शेजारी दाखवणारी फाइल तयार होते. माझ्या बॅटरीत सत्राअखेर किंचितच घट दिसते, ती स्वाभाविक आहे. वर्ष संपण्याच्या महिनाभर आधी हा अहवाल पुन्हा काढावा, आणि घट वापराच्या मानाने फार मोठी दिसली तर त्याच फाइलसह मुदतीच्या आत लेखी तक्रार नोंदवावी.